सफरचंद खाल्लं की टाळू खाजते? बर्चच्या परागांशी जोडलेली अन्नाची ॲलर्जी: युरोपात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात, नाशकात, साताऱ्यात असताना आयुष्यभर सफरचंदं खाल्ली, कधी काही झालं नाही. मग नोकरी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत, स्वीडनमध्ये किंवा इंग्लंडात आलात, काही वसंत गेले, आणि एक दिवस ऑफिसच्या टोपलीतलं सफरचंद चावल्या चावल्या टाळूला खाज सुटली. ओठ चुणचुणले, जीभ जाड झाल्यासारखी वाटली, कानाच्या आत बोट पोचत नाही तिथे खाजायला लागलं. अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. बहुतेकांना पहिला संशय येतो फवारणीच्या औषधाचा. फळ नीट धुऊन खाल्लं तरी तेच होतं. मग चेरीने होतं, कच्च्या गाजराने होतं, आणि माणूस गोंधळून जातो.

या त्रासाचं मूळ बहुधा फळात नसतं, रस्त्याकडेच्या झाडात असतं. ते झाड म्हणजे बर्च. पांढऱ्या सालीचं, नाजूक लोंबत्या फांद्यांचं. आपण ज्याला भूर्ज म्हणतो, ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या, ते हिमालयातलं झाड याच कुळातलं. महाराष्ट्रात ते नाही, म्हणून आपल्या शरीराची त्याच्या परागांशी ओळख नसते. उत्तर आणि मध्य युरोपात मात्र ते बागांत, रस्त्यांच्या कडेला, रेल्वेमार्गाला लागून सगळीकडे आहे. आल्या आल्या काही होत नाही. काही हंगाम ते पराग श्वासातून आत गेले की ज्यांचा कल ॲलर्जीकडे असतो त्यांचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आधी एप्रिलमध्ये शिंका आणि डोळ्यांची खाज, आणि नंतर कधीतरी सफरचंद. काहींना शिंका इतक्या कमी येतात की अन्नाचा त्रास हीच पहिली खूण ठरते.

नेमकं घडतं काय

बर्चच्या परागात एक प्रथिन असतं. त्याचं शास्त्रीय नाव बेट व्ही १. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये त्याचा जनुक वेगळा करून दाखवला आणि त्यानंतर हे कोडं उलगडत गेलं. याच घराण्यातली प्रथिनं अनेक फळांत, भाज्यांत आणि सुक्यामेव्यात असतात. झाडं ती स्वतःच्या संरक्षणासाठी बनवतात. सफरचंदातल्या प्रथिनाचा आकार बेट व्ही १ शी इतका मिळताजुळता असतो की लग्नात लांबून चुलतभावाला बघून आपण भलत्याच नावाने हाक मारावी, तसं प्रतिपिंडांचं होतं. त्यांना सफरचंदात बर्च दिसतो.

यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट अशी: ही प्रथिनं नाजूक असतात. उष्णतेने त्यांचा आकार मोडतो, पोटातल्या आम्लाने आणि पाचकरसानेही मोडतो. म्हणून त्रास बहुतेक वेळा तोंडापुरता राहतो, आणि म्हणूनच कच्चं सफरचंद खाजवतं पण शिजवलेलं चालतं. हे एक सूत्र पक्कं लक्षात ठेवलंत तर पुढचं निम्मं मार्गदर्शन तुम्हीच तयार कराल. या सूत्राला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. त्यांच्याकडे सविस्तर येतो.

आधी हे वाचा: कधी थांबायचं नाही

तोंडातली खाज हा सौम्य प्रकार. पण खाली दिलेलं काहीही झालं तर ते सौम्य समजू नका:

- आवाज बसणं, गिळता न येणं, घसा आवळल्यासारखा वाटणं
- श्वास लागणं, छातीत घरघर
- अंगभर गांधी उठणं, चेहरा सुजणं
- वारंवार उलट्या, पोटात जोराची कळ
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक गळून जाणं

युरोपीय संघात कुठेही ११२ लावा. ब्रिटनमध्ये ९९९ आहे, पण ११२ सुद्धा चालतो. आडवं झोपा, पाय थोडे उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसा. उठून चालायला जाऊ नका, स्वतः गाडी चालवत दवाखान्यात तर मुळीच नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं पेन दिलेलं असेल तर ते आधी मांडीत टोचा, फोन त्यानंतर. ॲलर्जीची गोळी घेऊन 'बघू या' म्हणत बसण्याची ही वेळ नव्हे.

असा तीव्र झटका या प्रकारच्या ॲलर्जीत क्वचित येतो, पण येतो. ज्यांचा दमा आटोक्यात नाही त्यांनी जास्त सांभाळावं. आणि एकदा जरी वरच्यापैकी काही झालं असेल, तर पुढच्या घरगुती प्रयोगांच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. तुम्ही थेट ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा.

पायरी १: खाज कुठली, ते ओळखा

आपल्याला घसा खवखवणं नवीन नाही. सुरण किंवा अळू नीट शिजलं नाही, चिंच-आमसूल कमी पडलं, तर पंक्तीतल्या सगळ्यांचेच घसे खवखवतात. ते सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे होतं. त्यात ॲलर्जीचा संबंध नाही. कच्च्या अननसाने जीभ सोलवटते तीही त्यातल्या पाचकद्रव्याने. आंब्याच्या चिकाने ओठांच्या कडेला पुरळ येतं ते तिसरंच प्रकरण: ते त्वचेचं आहे आणि बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठतं.

बर्चशी जोडलेल्या त्रासाची लक्षणं वेगळी. खाल्ल्यावर काही मिनिटांतच सुरू होतो. टेबलावरच्या बाकी कुणाला काही होत नाही. कच्च्यानेच होतो, शिजवलेल्याने नाही. आणि ठरावीक फळांनीच होतो: सफरचंद, पेअर, चेरी, पीच, जर्दाळू, प्लम ही एका कुळातली मंडळी, त्याच कुळातला बदाम, शिवाय हेझलनट, किवी, गाजर, सेलरी. एप्रिलमध्ये वाढतो, ऑक्टोबरात कमी होतो.

एक खूण फारशी कुणाला माहीत नसते. कच्चे बटाटे सोलताना हाताला खाज येते, डोळ्यांतून पाणी, एकामागून एक शिंका. उपवासासाठी बटाट्याचा कीस करायला बसलात आणि अर्ध्या वाडग्यातच नाक गळायला लागलं, तर त्याचा दोष थंडीवर ढकलू नका. बर्चची ॲलर्जी असलेल्यांत हे दिसतं. तोच कीस तव्यावर परतून खाल्ला तर काही होत नाही. गाजर किसतानाही असंच होऊ शकतं. हातमोजे घाला, खिडकी उघडा, किंवा सोलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी २: वही ठेवा

डॉक्टरांची वेळ मिळायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तो काळ फुकट घालवू नका. मोबाइलमध्ये किंवा साध्या वहीत लिहीत जा: काय खाल्लं, कच्चं की शिजलेलं, सालीसकट की सोलून, किती मिनिटांनी काय झालं, किती वेळ टिकलं. आणि त्यासोबत, ज्या गोष्टी लोक हमखास विसरतात त्या: पोट रिकामं होतं का, आधी किंवा नंतर व्यायाम किंवा धावपळ झाली का, दारू घेतली होती का, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली होती का, पित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे का. या गोष्टींनी तेच फळ एरवीपेक्षा जास्त त्रास देऊ शकतं. पित्ताच्या गोळीचं कारण तर सरळ आहे: पोटातलं आम्ल कमी झालं की प्रथिन लवकर मोडत नाही.

ओठ किंवा चेहरा सुजला तर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा सूज उतरलेली असेल, आणि शब्दांनी सांगितलेल्या सुजेपेक्षा फोटोचं वजन जास्त.

पायरी ३: तपासणी

जर्मनीत आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे हाउसआर्त्स्टकडे जा आणि ॲलर्जीतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. तिथे कान-नाक-घशाचे, त्वचेचे किंवा फुप्फुसांचे डॉक्टरही ॲलर्जीची जादा पात्रता घेतात, त्यामुळे पाटीवर 'आलेर्गोलोगी' आहे का ते बघा. ब्रिटनमध्ये जीपी, म्हणजे तिथले नेहमीचे डॉक्टर, यांच्याकडून सुरुवात. स्वीडनमध्ये आधी वोर्डसेंट्राल, म्हणजे प्राथमिक आरोग्यकेंद्र, आणि सल्ल्यासाठी ११७७ हा क्रमांक.

तज्ज्ञ बहुधा हातावर थेंब ठेवून टोचणीची चाचणी करतील. बाटलीतल्या सफरचंदाच्या अर्कातलं हे नाजूक प्रथिन टिकत नाही, म्हणून चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. अशा वेळी ताज्या फळात सुई टोचून तीच सुई त्वचेला लावतात. 'मी घरून सफरचंद आणि गाजर घेऊन येऊ का?' असं भेट ठरवतानाच विचारा. हा प्रश्न तिथे अजिबात विचित्र वाटत नाही. चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस ते तुमच्या गोळीवर अवलंबून आहे, तेही तेव्हाच विचारून घ्या. नाहीतर हात कोरा राहतो आणि फेरी वाया जाते.

रक्ततपासणीत आता प्रत्येक प्रथिन वेगळं मोजता येतं, आणि प्रौढांसाठी खरा फायदा इथे आहे. शेंगदाण्यात बर्चसारखं दिसणारं प्रथिन आहे आरा एच ८. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं बहुधा तोंडातल्या खाजेपुरती. पण आरा एच २ विरुद्ध असतील तर ती खरी शेंगदाण्याची ॲलर्जी, धोकादायक. हेझलनटचंही तसंच: कॉर ए १ हे बर्चचं नातेवाईक, तर कॉर ए ९ आणि कॉर ए १४ ही टिकाऊ, धोक्याची प्रथिनं. पीचमध्ये पीआरयू पी ३ नावाचं एक प्रथिन असतं. ते उष्णतेला दाद देत नाही आणि सालीत जास्त असतं. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पीचची ॲलर्जी बऱ्याचदा याचीच असते. म्हणजे दोघांना पीच खाऊन तोंड खाजलं तरी दोघांचा धोका एकसारखा नसतो. शिजवलेलं खायला सुरुवात करण्याआधी तुम्ही कुठल्या गटात आहात ते कळलं पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो पदार्थ सोडायलाच हवा, असं नाही. बर्चची ॲलर्जी असलेल्या अनेकांच्या अहवालात दहा फळांसमोर अधिकचं चिन्ह असतं आणि त्यातली सात फळं ते मजेत खात असतात. जे खाऊन काही होत नाही ते खात राहा. पैसे भरून घरी मागवायच्या, आयजीजी नावाची वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजून पन्नास पदार्थांची यादी देणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच.

पायरी ४: स्वयंपाकघर पुन्हा बसवा

इथे आपल्या स्वयंपाकाचा मोठा आधार आहे. आपण बहुतेक गोष्टी शिजवूनच खातो.

सफरचंदाचा मुरंबा, शिरा, वाफवलेल्या फोडी, भाजलेला केक, बाटलीबंद पाश्चराइज केलेला रस हे बहुतेकांना चालतं. ताजा काढलेला रस आणि स्मूदी मात्र कच्च्यातच जमा. घाई असेल तर फोडी मायक्रोवेव्हमध्ये आतपर्यंत वाफ येईल इतक्या गरम करा, नुसत्या कोमट नव्हे. गाजराचा हलवा, गाजर-मटार, सांबारातलं गाजर चालतं. गाजराची कोशिंबीर त्रास देते. कोशिंबीर सोडवत नसेल तर किसलेलं गाजर फोडणीवर झाकण ठेवून चांगलं वाफवून घ्या आणि मग दही घाला. चव बदलते, हे खरं.

कच्चं सफरचंदच हवं असेल तर जातीजातींत बराच फरक असतो. गोल्डन डिलिशस आणि ग्रॅनी स्मिथ जास्त त्रास देणाऱ्यांत मोडतात. बोस्कोप ही जुनी आंबट जात आणि नेदरलँड्समध्ये तयार झालेली सांताना अनेकांना सोसतात. साल काढल्याने थोडा फरक पडतो. झाडावरून नुकतं उतरवलेलं फळ महिनोन्महिने शीतगृहात राहिलेल्या फळापेक्षा बरं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतकऱ्याकडून आणलेलं बोस्कोप सोलून खाऊन बघणं आणि एप्रिलमध्ये सुपरमार्केटमधलं ग्रॅनी स्मिथ सालीसकट खाणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. असा प्रयोग ज्यांना आजवर फक्त तोंडात सौम्य खाज झाली आहे त्यांनीच करावा: परागांचा हंगाम नसताना, भरल्या पोटी, घरात कुणीतरी असताना, आधी ओठाला लावून आणि मग छोट्या फोडीने.

आपल्याकडच्या दोन गोष्टींवर इथले डॉक्टर तुम्हाला काही विचारणार नाहीत, कारण त्या त्यांच्या रोजच्या जेवणात नाहीत. पहिली, मोड आलेले मूग. मुगातही बर्चसारखं प्रथिन असतं, त्यामुळे कच्च्या मोडांवर लिंबू पिळून केलेली कोशिंबीर खाजवू शकते. उसळ करून, नीट शिजवून खा. दुसरी, भिजवलेले बदाम. आई फोनवर 'सकाळी बदाम खातोस ना?' विचारणारच. बदाम हा पीच-चेरीचा सख्खा आप्त, आणि भिजवून सोललेला बदाम कच्चाच असतो. त्याने घसा खाजत असेल तर आईला सांगून टाका आणि बंद करा. भाजलेला चालेल का, हे तपासणी झाल्यावर ठरवा.

उपवासाचंही बोलायला हवं. चैत्रातली नवरात्र आणि रामनवमी नेमकी बर्चच्या हंगामात येते. दिवसभर रिकामं पोट, वर पराग, आणि संध्याकाळी वाटीभर कापलेलं सफरचंद-किवी: ही जुळणी टाळा. साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, केळं, उकडलेलं रताळं यावर उपवास उत्तम होतो. खिचडीतल्या दाण्याच्या कुटाने कधी तोंड खाजलं असेल तर ते मात्र वहीत लिहा आणि शेंगदाण्याची तपासणी करून घ्या.

पायरी ५: तीन गोष्टींना वेगळी वागणूक

सौम्य खाजेच्या नियमात न बसणारे तीन पदार्थ: सोया, सेलरी, सुकामेवा.

सोया सगळ्यात आधी, कारण आपल्यातले अनेक शाकाहारी लोक इथे आल्यावर प्रथिनांसाठी सोयाकडे वळतात, आणि ज्यांना दूध पचत नाही ते सोया दुधाकडे. सोयातल्या बर्चसारख्या प्रथिनाचं नाव ग्लाय एम ४. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने, बीएफआरने, २००७ मध्ये बर्चची ॲलर्जी असलेल्यांना सोया प्रथिनाच्या भुकट्या आणि पेयांबद्दल सावध केलं होतं, कारण त्यांतून तीव्र झटके आले होते. कारण समजून घ्या. सफरचंद तुम्ही चावता, पहिल्या घासाला खाज येते आणि थांबता. सोया पेय मात्र तुम्ही ग्लासभर घटाघट पिता. खाज जाणवेपर्यंत भरपूर प्रथिन पोटात गेलेलं असतं. त्यात व्यायामशाळेतून आल्यावर, रिकाम्या पोटी, वसंतात, मोठा चमचा भरून सोया प्रोटीन शेक घेतला, तर जोखीम वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टी एका पेल्यात आल्या. बर्चची ॲलर्जी निश्चित झाली असेल तर सोया दूध आणि सोया शेक कधी न घेतलेल्यांनी ते आता सुरू करू नयेत, आणि आधीपासून घेणाऱ्यांनी तज्ज्ञांना ग्लाय एम ४ ची तपासणी करायला सांगावी. कॉफीसाठी ओटचं दूध आहे. सोया सॉससारख्या आंबवलेल्या पदार्थांत हे प्रथिन फारसं उरत नाही.

सेलरी. आपल्याला सेलरी म्हणजे सॅलडमधल्या हिरव्या दांड्या एवढंच माहीत असतं. जर्मनीत तिचा कंद जास्त खातात: मातकट, गाठाळ, नारळाएवढा. भाजीवाल्याकडे रबर लावलेली एक जुडी मिळते, त्यात दोन गाजरं, लीकचा तुकडा, पार्सलीची काडी आणि या कंदाची एक फोड. तिला झुपेनग्र्युन म्हणतात, आणि बहुतेक सूप तिच्यावरच उभं असतं. सेलरी शिजवली तरी काहींना त्रास होतो, आणि सुकवलेली भुकटी भाज्यांच्या स्टॉकमध्ये, मसाला मिठात, सॉसेजमध्ये, तयार सूपमध्ये बेमालूम मिसळलेली असते. 'फक्त सूप घेतलं आणि ओठ सुजले' असं कुणी सांगितलं की आधी सेलरीच आठवावी. ज्यांना बर्चबरोबर मगवर्ट या तणाच्या परागांचीही ॲलर्जी असते त्यांच्यात सेलरी जास्त तापदायक, आणि त्यांच्यापैकी काहींना त्याच कुळातले धणे, जिरे, बडीशेप, ओवा हेही त्रास देतात. गरम मसाल्याने कधी तोंड सुजलं असेल तर 'तिखट लागलं असेल' म्हणून सोडू नका.

सुकामेव्याबद्दल थोडक्यात: हेझलनट, अक्रोड, बदाम, शेंगदाणे यांपैकी कशाने काही झालं असेल तर प्रथिननिहाय तपासणी होईपर्यंत तो एक प्रकार पूर्ण बंद. भाजल्याने हेझलनटचा त्रास कमी होतो, पण सगळ्यांचा नाही. घरी प्रयोग नको.

ज्यांना जुना इसब आहे त्यांच्यासाठी एक जादा ओळ. शिजवलेल्या सफरचंदाने तोंड खाजलं नाही तरी पुढच्या एक-दोन दिवसांत इसब उफाळला, तर त्याचा संबंध असू शकतो. वहीत तेही लिहा.

पायरी ६: लेबल वाचा, आणि विचारा

युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमाने १४ ॲलर्जीकारक पदार्थ घटकांच्या यादीत उठून दिसतील असे, बहुधा ठळक अक्षरांत, छापावे लागतात. त्यात सेलरी, सोया, शेंगदाणे, आणि बदाम-हेझलनट-अक्रोडासह सुकामेवा आहे. सफरचंद, पीच, चेरी, गाजर, किवी मात्र त्या यादीत नाहीत. म्हणजे ठळक अक्षरांवर नजर फिरवून तुमचं काम भागणार नाही. पूर्ण यादी वाचावी लागते. जर्मन पाकिटावर 'झेलरी', 'झोया', 'एर्डनुस' म्हणजे शेंगदाणा, 'मांडेल' म्हणजे बदाम, 'हाझेलनुस', आणि 'आप्फेल', 'मोरऽ' किंवा 'कारोटऽ' एवढे शब्द आधी ओळखीचे करून घ्या.

सुटे पदार्थ विकणाऱ्या बेकरीला आणि उपाहारगृहालाही या १४ पदार्थांची माहिती द्यावी लागते. 'इश हाबऽ आइनऽ आलेर्गी गेगन झेलरी' एवढं वाक्य तोंडपाठ करा. भारतीय मित्रांकडे जेवायला जाताना आदल्या दिवशीच सांगा, ताटावर बसल्यावर नको. 'अगं, थोडं खाऊन बघ, काही होत नाही' असा आग्रह होणारच. 'कच्चं चालत नाही मला, शिजवलेलं बहुतेक सगळं चालतं, तुमची भाजी दोनदा घेईन' असं म्हटलं की यजमान दुखावत नाहीत.

हंगाम

मध्य युरोपात बर्च साधारण मार्चअखेरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत, एप्रिलमध्ये भर. स्वीडन-फिनलंडमध्ये थोडा उशिरा, एप्रिलअखेर आणि मे. पण हेझल आणि आल्डर ही बर्चची नातेवाईक झाडं हिवाळा मऊ असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच फुलतात, आणि शरीर त्यांनाही बर्चसारखंच ओळखतं. जर्मन हवामान खातं डीडब्ल्यूडी रोजचा परागांचा अंदाज देतं, त्यात तिन्ही झाडं वेगवेगळी दाखवलेली असतात. एरवी सोसणारं फळ त्या काळात खाजवायला लागलं तर तेही बाजूला ठेवा. जूननंतर पुन्हा सुरू करा. नाकाचा फवारा आणि गोळ्या हंगामाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. सेटिरिझिन, लोराटाडिन जर्मनीत औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळतात. पण गोळी घेऊन मुद्दाम सफरचंद खायला जाऊ नका. पहिल्या खाजेचा इशारा ती दाबून टाकते.

इम्युनोथेरपीबद्दल हमखास विचारलं जातं. बर्चच्या परागांची इंजेक्शनं किंवा जिभेखालच्या गोळ्या साधारण तीन वर्षं घ्याव्या लागतात आणि शिंका, डोळे, दमा यांवर त्यांचा चांगला उपयोग होतो. सफरचंदाच्या खाजेवर उपयोग काहींना होतो, काहींना नाही. तेव्हा वसंत असह्य होत असेल तर जरूर घ्या. नुसतं सफरचंद परत मिळावं म्हणून तीन वर्षं घालू नका, असं माझं मत.

सुट्टीला घरी जाल तेव्हा

महाराष्ट्रात बर्च नाही, त्यामुळे नाक मोकळं होतं आणि बहुतेकांना अन्नाचा त्रासही हलका वाटतो. पण प्रतिपिंडं रक्तात असतातच, म्हणून दुकानातलं सफरचंद तिथेही खाजवू शकतं. ॲड्रेनलिन पेन दिलेलं असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. जिभेखालच्या गोळ्या चालू असतील तर सुट्टीत खंड पडू देऊ नका.

केळी, पेरू, चिकू, पपई, द्राक्षं ही फळं बहुतेकांना विनातक्रार चालतात. फणसाचं मात्र बघा. बर्चची ॲलर्जी असलेल्यांना फणसाने त्रास झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, आणि कारण तेच, बेट व्ही १ सारखं प्रथिन. लहानपणी कोकणात फणस फोडून गरे खाल्लेल्या माणसाला हे पटणं कठीण जातं. म्हणून गावी गेल्यावर पहिला गरा अख्खा तोंडात टाकू नका. तुमचा इतिहास फक्त सौम्य खाजेचा असेल तर छोटा तुकडा ओठाला लावा, मग चावा, आणि पंधरा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर पुढचा गरा घ्या. खाज आली तर कच्च्या फणसाची भाजी आणि उकडलेल्या आठळ्या बहुधा चालतील, कारण त्या शिजतात.